टप्पा पडल्यानंतर

क्रिकेटवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे प्रेमाने लिहिले गेले आहे. परंतु या लेखनाची भाषा कोणी तपासून पाहिली आहे काय, असा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो. कवितेतली एखादी प्रतिमा झिजली की आपले टीकाकार ताबडतोब नाक मुरडतात. कथेतला संवाद बेगडी वाटला की त्यावर दोन पाने खर्च करतात. खेळावरील लेखनाच्या वाट्याला मात्र ही कडक नजर आलेली नाही. तिथे 'चेंडू हवेत क्षणभर थांबला', 'चेंडू अगदी शेवटच्या क्षणी वळला', 'टप्पा पडताच चेंडूने वेग घेतला' ही वाक्ये नाण्यांसारखी या हातातून त्या हातात फिरत राहतात, आणि नाणे खरे की खोटे हे कोणी दगडावर वाजवून पाहत नाही. मी ती वाजवून पाहायला बसलो, याचे कारण माझ्याच खिशात निघालेले एक खोटे नाणे.

माझ्या एका कादंबरीत गावच्या सामन्याचा प्रसंग आहे. नायक फलंदाजी करतो आहे आणि गोलंदाज आहे त्याचा चुलतभाऊ, ज्याला लहानपणी नायकानेच चेंडू फिरवायला शिकवलेला. तो प्रसंग माझ्या फार आवडीचा. त्यात मी लिहून गेलो होतो, की चेंडूचा टप्पा पडला आणि दुप्पट वेगाने तो यष्ट्यांत घुसला. पुस्तक शाळेच्या वाचनालयात होते. नववीतल्या एका मुलाने ते वाचले आणि मराठीच्या तासाला उभे राहून विचारले, "सर, टप्पा पडल्यावर चेंडूला दुप्पट वेग कोणी दिला?" मी म्हणालो, "अरे, हे साहित्य आहे. साहित्यात असे चालते." वर्ग हसला, मुलगा खाली बसला आणि मी धडा पुढे चालू केला.

मधल्या सुट्टीत ही हकीकत मी आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना गंमत म्हणून सांगितली. ते हसले नाहीत. "अहो, मुलाचा प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले, "उत्तर तुमचे चुकले." आणि त्यांनी रिकाम्या वर्गात नेऊन फळ्यावर गणित मांडायला सुरुवात केली. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकपाशी थांबलेले. पण गणित मलाही कळेल इतके सरळ होते. त्या दिवसापासून खेळावरचे कोणतेही लेखन वाचताना तो फळा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

प्रथम 'चेंडू हवेत थांबला' हे वाक्य घेऊ. उंच उडालेला चेंडू, खाली मान वर करून उभा असलेला क्षेत्ररक्षक आणि श्वास रोखून बसलेले प्रेक्षक यांचे वर्णन करताना हे वाक्य हटकून येते. शास्त्राच्या नावाने ते एकदम फेटाळून लावावेसे वाटेल. पण तसे करणे घाईचे होईल. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर २० मीटर उंच जाणाऱ्या चेंडूला वर जायला सुमारे २ सेकंद लागतात आणि खाली यायला तितकेच. आता या ४ सेकंदांची वाटणी पाहा. वरच्या ५ मीटरांत चेंडू २ सेकंद असतो. खालचे १५ मीटर तो जाताना एका सेकंदात आणि येताना एका सेकंदात उरकतो. म्हणजे निम्मा वेळ तो वरच्या चौथ्या हिश्शातच घालवतो. उंची २० असो की ४०, हे प्रमाण बदलत नाही. तेव्हा प्रेक्षकाच्या डोळ्याने दिलेली साक्ष निराधार नव्हे. चेंडू थांबला नव्हता, पण रेंगाळला होता. मराठीत 'रेंगाळणे' हे इतके नेमके क्रियापद असताना आपण 'थांबणे' का वापरतो, हा प्रश्न पदार्थविज्ञानापेक्षा भाषेच्या आळसाचा आहे.

याच प्रसंगात आणखी एक वाक्य येते: 'जोर संपला आणि चेंडू कोसळू लागला.' हे मात्र निखालस चूक आहे, आणि ही चूक मोठ्या घराण्यातली आहे. फेकलेल्या वस्तूच्या अंगी काही जोर असतो, तो असेपर्यंत ती पुढे जाते आणि तो सरला की पडते, ही समजूत युरोपातल्या पंडितांनीही शतकानुशतके बाळगली. तार्ताल्याने १५३७ साली आपल्या ग्रंथात तोफगोळ्याचा मार्ग काढला तो असा: आधी तिरपी सरळ रेघ, मग वर्तुळाचा तुकडा, आणि शेवटी सरळ खाली उतरणारी रेघ. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात ही दोन-तीन तुकड्यांची गोधडी फाडून टाकली. पुढे जाणे आणि खाली पडणे या दोन क्रिया पाळीपाळीने होत नाहीत. त्या पहिल्या क्षणापासून एकाच वेळी चालू असतात, आणि त्यांच्या मिलाफातून अन्वस्त नावाची एकच अखंड वक्ररेषा तयार होते. चेंडू हातातून किंवा बॅटीवरून सुटला त्याच क्षणी त्याचे पडणे सुरू झालेले असते. आपल्याला ते शिखर ओलांडल्यावर दिसते, इतकेच. कादंबरीकाराने या गोष्टीवर थोडा विचार करावा असे मला वाटते. आपल्या कादंबऱ्यांतले नायकही बहुधा तार्ताल्याच्या तोफगोळ्यासारखेच असतात: अर्धे पुस्तक चढतात आणि मग एका विशिष्ट प्रकरणापासून घसरू लागतात. पतनाचे बीज पहिल्या पानावर पेरणारे थोडे.

दुसरे वाक्य: 'चेंडू अगदी शेवटच्या क्षणी वळला.' हे वेगवान गोलंदाजाच्या स्विंगविषयी लिहिले जाते. नव्या चेंडूची शिवण किंचित तिरपी ठेवून तो टाकला, की शिवणीच्या बाजूने जाणारी हवा तिच्यावर अडखळते आणि खवळते. ही खवळलेली हवा चेंडूला अधिक वेळ बिलगून राहते, तर दुसऱ्या बाजूची शांत हवा लवकर सुटून जाते. या असमतोलामुळे चेंडू शिवणीच्या रोखाने बाजूला ढकलला जातो. आता हा रेटा पहिल्यापासून अखेरपर्यंत सारखाच आहे असे समजू. तरीही चेंडू सारखा वळताना दिसणार नाही, कारण कायम रेटा मिळणाऱ्या वस्तूचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फलंदाजापर्यंत पोहोचेतो चेंडू एकूण ४८ सेंटिमीटर बाजूला सरकणार असेल, तर प्रवासाच्या पहिल्या निम्म्या वेळात तो १२ सेंटिमीटरच सरकतो. उरलेले ३६ दुसऱ्या निम्म्यात. झाडावरून पडणारा आंबा सुरुवातीला संथ आणि अखेरीस वेगाने पडतो, त्याच नियमाने हा चेंडू बाजूला 'पडत' असतो. काही चेंडू याहूनही उशिरा वळत असतील. पण उशिराचा भास होण्यासाठी तशी गरज नाही.

म्हणजे हेही वाक्य अर्धे खरे निघाले. 'शेवटी अधिक वळला' हे डोळ्याने पाहिलेले सत्य. 'शेवटच्या क्षणी वळायचे ठरवले' ही आपण चेंडूच्या माथी मारलेली कारस्थानी वृत्ती. वर्तमानपत्रातला लेखक पहिल्यावर समाधान न मानता दुसऱ्यावर उडी घेतो, आणि मग चेंडू 'दगा देतो', 'फसवतो', 'विश्वासघात करतो'. १५६ ते १६३ ग्रॅम वजनाच्या कातड्याच्या गोळ्याकडून केवढी ही अपेक्षा!

आता माझे वाक्य. आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, की जमिनीवर आपटलेला कोणताही चेंडू तिच्यापासून काही मिळवत नाही. तो तिला काहीतरी देऊनच पुढे जातो. लॉन टेनिसचा प्रमाणित चेंडू २५४ सेंटिमीटरांवरून कठीण जमिनीवर सोडला तर तो साधारण १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे चांगला चेंडू कोणता, तर जो आपली जवळपास निम्मी उंची गमावतो. हरवलेली शक्ती चेंडूच्या दबण्यात आणि उष्णतेत जाते. क्रिकेटच्या चेंडूचे आणखी एक नुकसान होते: तिरपा येऊन आपटताना खेळपट्टीचे घर्षण त्याला मागे ओढते, म्हणून उंचीबरोबर त्याचा पुढचा वेगही कमी होतो. पडद्यावर आपल्याला जो वेग दाखवतात तो हातातून सुटतानाचा. हवेत थोडा आणि टप्प्यावर पुष्कळ असे दोन कर भरून चेंडू फलंदाजापाशी येतो.

मग फिरकीने वेग वाढत नाही काय? आमच्या विज्ञान शिक्षकांनी फळ्यावर मांडले ते गणित हे. चेंडूचा परीघ सुमारे साडेबावीस सेंटिमीटर. गोलंदाजाने त्याला पुढच्या दिशेने सेकंदाला ४० गिरक्या दिल्या, तर चेंडूचा पृष्ठभाग स्वतःभोवती सेकंदाला ९ मीटर या वेगाने फिरतो. चेंडू पुढे येतो आहे सेकंदाला २० मीटरने, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरने. गिरकीने त्याला पुढे ढकलायचे, तर चेंडूचा तळ जमिनीवरून मागे घासला गेला पाहिजे. त्यासाठी पृष्ठभागाचा वेग २० हून अधिक हवा. ९ मीटरांनी ते व्हायचे नाही. सेकंदाला जवळपास ९० गिरक्या लागतील, आणि उत्तम फिरकी गोलंदाजांच्या बोटांतूनही त्याच्या निम्म्याच्या आसपास निघतात. तेव्हा चेंडूने वेग घेतला हे अशक्य. दुप्पट तर सोडाच.

परंतु गणित इथे संपले नाही, आणि माझी खरी शोभा पुढेच झाली. टप्प्यावर चेंडू खेळपट्टीला पुरता पकडून गडगडत सुटला असे मानले, तर गिरकी नसलेला २० मीटरचा चेंडू १४ हून थोड्या अधिक वेगाने निघतो. पुढच्या दिशेने ४० गिरक्या घेणारा जवळपास १७ ने निघतो. आणि तितक्याच गिरक्या उलट्या दिशेने घेणारा १२ हूनही कमी वेगाने रखडत येतो. तिघांचाही वेग घटला. पण १४ ची वाट पाहणाऱ्या फलंदाजापुढे १७ चा चेंडू आला, तर त्याला काय वाटेल? त्याला वाटेल, चेंडूने वेग घेतला! तो खोटे बोलत नाही. तो मोजतो आहे. फक्त हवेतल्या वेगाशी नव्हे, आपल्या अपेक्षेशी.

ही अपेक्षा काही काव्यातली वस्तू नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या दोन शास्त्रज्ञांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली यंत्राने टिपून २००० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले, की फलंदाज चेंडूवर अखंड नजर ठेवत नाही. चेंडू सुटताना तो पाहतो, मग त्याची नजर झेप घेऊन टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन बसते, आणि चेंडू मागून तिथे येतो. 'चेंडूवरची नजर काढू नकोस' असे आपण पोरांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण फलंदाज भाकीत करतो, त्या भाकितावर पाय हलवतो आणि टप्प्यानंतरच्या उरलेल्या निमिषात त्याला ते खरे की खोटे हे कळते. क्रिकेटमधले नाट्य घडते ते या फटीत, भाकीत आणि चेंडू यांच्या मधल्या जागेत.

आणि माझ्या वाक्याने नेमकी हीच जागा बुजवून टाकली होती. नायकाला वाटत होते, की चुलतभावाला आपणच शिकवले आहे, त्याच्या बोटांतून काय निघणार हे आपल्याला ठाऊक आहे. त्याचे बाद होणे म्हणजे या समजुतीचे कोसळणे. कादंबरीचा सगळा भार त्या टप्प्यावर होता. आणि मी काय केले? चेंडूला दुप्पट वेग देऊन नायकाला निर्दोष सोडवले. इतक्या वेगाचा चेंडू कोणालाही खेळता आला नसता. मग त्याचा बिचाऱ्याचा काय अपराध! मी शास्त्राची चूक केली असे मुलाने दाखवले होते. मला त्याहून अधिक बोचले ते हे, की ती साहित्याची चूक होती, आणि 'साहित्यात चालते' असे म्हणून मी तिच्यावर साहित्याचेच पांघरूण घातले होते.

इथे कोणी म्हणेल, की असे मोजमाप करत बसलात तर खेळातली मौज निघून जाईल. हा आक्षेप मला पटत नाही. बापू नाडकर्णी यांचे उदाहरण घ्या. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३२ षटके टाकली, त्यांपैकी २७ निर्धाव. धावा दिल्या ५. लागोपाठ २१ षटके निर्धाव गेली. यावर लिहिताना 'यंत्रासारखी अचूकता' हे शब्द ठरलेले. पण हे यंत्र काय करत होते? फिरकी गोलंदाजाचा हात जमिनीपासून सव्वादोन मीटरांच्या आतबाहेर असतो. तिथून सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू सुटताना कोन एका अंशाने वर गेला, तर टप्पा सुमारे पाऊण मीटर पुढे सरकतो. चांगल्या टप्प्याचा चेंडू फटकावण्याजोगा होतो. घड्याळाच्या मिनिटकाट्याला एक अंश पुढे सरकायला १० सेकंद लागतात. डोळ्यांना तो सरकलेला कळतही नाही. माणसाचा खांदा, कोपर, मनगट आणि बोटे हा एवढासा फरकही होऊ न देता शंभराहून अधिक वेळा तेच करतात, हे कळल्यावर माझे आश्चर्य वाढले. 'यंत्रासारखी' म्हणून आपण त्या गृहस्थांचा गौरव करत नव्हतो; न पाहता पुढे जात होतो.

आणि मोजूनमापून न पाहता, केवळ नीट पाहूनही हे साधते. भर्तृहरीच्या नावावर असलेल्या एका सुभाषितात सज्जनाच्या संकटांना चेंडूची उपमा दिली आहे: खाली आपटला तरी चेंडू वर उसळतोच. शाळेत आम्ही हे सुभाषित शिकलो ते चेंडूच्या गुणगानासाठी. पण त्यात एक लहानसा शब्द आहे, हाताच्या आघाताचा. कवीने चेंडू नुसता सोडलेला नाही. हाताने आपटलेला आहे. नुसता सोडलेला चेंडू पूर्वीच्या उंचीवर कधीच येत नाही. हाताने जोर घालून आपटला तरच तो तिच्याहून वर जाऊ शकतो. त्या कवीला उष्णता आणि शक्ती यांचे हिशेब माहीत असण्याचे कारण नव्हते. पण त्याने खेळणाऱ्याचा चेंडू पाहिला होता, आणि वाक्यातून त्याचा हात वगळला नव्हता. आम्ही 'तो चेंडूसारखा उसळून उभा राहिला' असे लिहितो तेव्हा तो हात गायब असतो. मग माणूस कशाच्या बळावर उसळला याचा खुलासा करण्याचीही आम्हाला गरज वाटत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. खेळावर लिहिणाराने समीकरणे लिहावीत असे नव्हे, आणि डोळ्याची साक्ष धुडकावून लावावी असे तर मुळीच नव्हे. तपासलेल्या तीन वाक्यांत प्रत्येकाच्या मुळाशी कोणीतरी खरोखर पाहिलेले काही होते. पण साक्षीदाराला उलटतपासणी हवी. 'चेंडू थांबला' असे तो म्हणाला की विचारावे, थांबला की रेंगाळला? 'वेग घेतला' म्हणाला की विचारावे, कोणाच्या हिशेबाने? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना वाक्यात आपोआप माणूस येतो, आणि माणूस आला की मग ते साहित्याचे वाक्य होण्याची शक्यता निर्माण होते.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल की नाही, मला सांगता येत नाही. पण माझ्या प्रतीत मी ते वाक्य खोडले आहे. आता तिथे असे आहे: 'चेंडू हळू येईल असे त्याला वाटले होते, तो तितका हळू आला नाही.' ज्या वर्गात हशा झाला होता त्याच वर्गात, त्याच तासाला, मी माझी चूक सांगितली, फळ्यावर १४ आणि १७ हे आकडे लिहिले आणि नवे वाक्य वाचून दाखवले. या खेपेस कोणी हसले नाही. तो मुलगा मात्र पुन्हा उभा राहिला. "सर," तो म्हणाला, "पण टप्पा कुठे पडला ते नाही लिहिलंत."

ते अजून लिहायचे आहे.